काचेआडची हरणी

आमच्या सासूबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, हवामानाच्या बातम्यांवर तर मुळीच नव्हता. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्या डब्यातली साखर बोटाने सपाट करून ठेवायच्या, म्हणजे मी मधेच काढली तर खड्डा दिसेल. मला ते कळल्यावर मी साखर काढून वरून चमचा फिरवू लागले. तेही त्यांनी ओळखलं. बोटाची सपाटी वेगळी आणि चमच्याची वेगळी, असं त्यांनी सगळे जेवत असताना सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

घरात हा स्वभाव म्हणजे नसती डोकेदुखी होती, पण नोकरीत त्याचंच चीज झालं. सासूबाई आमच्या गावच्या वस्तुसंग्रहालयात पहारेकरी होत्या. आमचं गाव खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर, डोंगराला चिकटून बसलेलं. पूर्वी जिथे येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घेत, त्याच दगडी इमारतीत हे संग्रहालय. खरं सांगायचं तर लोक आमच्याकडे स्वच्छतागृहासाठी थांबतात, आणि थांबलोच आहोत तर बघू म्हणून तिकीट काढतात. तिकीट खिडकीवर मी बसते. ही नोकरी मला सासूबाईंच्या शिफारशीने मिळाली नाही, त्यांच्या विरोधाला पुरून उरले म्हणून मिळाली. एकाच घरातल्या दोघी एका ठिकाणी नकोत, संगनमत होतं, असं त्यांनी संग्रहालयाच्या मुख्य साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं होतं.

दालनात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी चोर. अजून त्याने चोरी केलेली नाही, एवढंच. सैल कोट घातलेला माणूस संशयित. फार कौतुक करणारा संशयित, आणि वस्तूंकडे ढुंकूनही न बघणारा तर त्याहून संशयित. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात त्या वाकून बघायच्या आणि बाळाच्या आईला वाटायचं, म्हातारीला लेकरांची किती हौस! शाळेच्या सहलीची पोरं त्यांना दुर्बीणबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण त्या नावावरून त्यांनी कुणाला दटावल्याचं मी ऐकलं नाही.

हे सगळं होतं ते हरणीसाठी. काळ्या दगडाची हरणी, बसलेल्या मांजराएवढी, मान मागे वळवून बघणारी. खिंडीतला रस्ता खणताना पूर्वी कधीतरी सापडलेली. गावच्या पाट्यांवर ती, बसथांब्यावर ती, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा तीच. मधल्या दालनात काचेच्या कपाटात ती एकटीच असे. कपाटाची किल्ली फक्त साहेबांकडे. आतली धूळ साहेब स्वतः झटकत, तीही संग्रहालय बंद असताना. सासूबाई काच बाहेरून पुसायच्या, सकाळी आणि दुपारी. तिला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, पण हात कधी लावला नाही.

संग्रहालयाच्या खालच्या गल्लीत जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे जुनं विकतातही आणि बनवतातही. पितळेचे दिवे परसात मातीत पुरायचे, वर आंबट पाणी ओतत राहायचं, हंगाम संपताना दिवा पणजोबांच्या वेळचा होऊन बाहेर येतो. त्यातला एक दुकानदार, ज्याला आम्ही जुनेवाला म्हणतो, तो दर आठवड्याला तिकीट काढून यायचा आणि हरणीसमोर उभा राहायचा. सासूबाई त्याच्या इतक्या मागे चिकटून उभ्या राहत की वळताना तो दचकायचा. "याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे," त्या मला सांगत. मी विचारायची, "मग पोलिसांना का सांगत नाही?" तर म्हणत, "तेही त्याचेच गिऱ्हाईक."

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे हे साहेब, ज्यांना आता सगळे थोरले साहेब म्हणतात. सासरे गेले तेव्हा ह्यांचं वय शाळेत जायचं होतं, आणि घरात कमावतं कुणी नव्हतं. त्या वेळी साहेबांनी सासूबाईंना बोलावून नोकरी दिली. "बाई आहेत म्हणून मला रात्री झोप लागते," असं ते चारचौघांत म्हणायचे. ते वाक्य सासूबाई घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी मॅडम आल्या, आणि सासूबाईंच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. मॅडम फार हसतात. मॅडम हरणीच्या कपाटाला पाठ टेकून फोनवर बोलतात. थोरल्या साहेबांना हे कधी शोभलं असतं का? साहेब मात्र ऊन असलं की काठी टेकत यायचे आणि अंगणातल्या बाकावर पेपर वाचत बसायचे. सासूबाई त्यांना चहा नेऊन देत. मला आयुष्यात त्यांनी आपण होऊन चहा दिलेला नाही, पण ते जाऊ दे.

त्या दिवशीही साहेब बाकावर होते. वरच्या अंगाला रस्ता रुंद करायला सुरुंग लावत होते. एक धमाका असा झाला की माझ्या खिडकीची काच तडकली आणि इमारतीच्या मागची डोंगराला धरून ठेवणारी भिंत पोट फुगल्यासारखी पुढे आली. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही फाटकापाशी उभे, आतून माती घसरल्याचा आवाज येतोय, आणि सासूबाईंनी पदर खोचला.

मी त्यांचा दंड धरला. "आई, जाऊ नका. वेड लागलंय का?"

"सोड! मला अडवायची तुला एवढी घाई का?" असल्या वेळीसुद्धा! मॅडम ओरडत होत्या, "बाई, राहू दे, मागे या!" सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाहिलं साहेबांकडे. साहेब बाकावरून उठून आले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. सासूबाईंनी मान हलवली, माझा हात झटकला आणि आत धावल्या.

स्टुलाने काच फोडून हरणी पोटाशी धरून त्या दारात आल्या, तेवढ्यात वरची तुळई कलली. त्या वाचल्या, पण डाव्या खांद्याचा चुरा झाला. आम्ही त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा हरणी हातातून सुटली नव्हती. फक्त तिचा एक कान दगडावर आपटून तुटला होता. आणि तुटलेल्या जागी ती पांढरी होती. काळ्या रंगाची पापुद्र्याएवढी साल, आत खडूसारखा पांढरा भुगा, आणि भुग्यातून डोकावणारी तार.

माझ्याआधी ते त्यांनी पाहिलं. दुखण्याने तोंड वेडंवाकडं झालं होतं तरी त्या मला म्हणाल्या, "तरीच मघाशी हलकी लागली. मला वाटलं, माझ्याच अंगात बळ आलंय."

दवाखान्यात त्यांनी तपास सुरू केला. खांद्यात सळ्या, हात गळ्यात, आणि नजर छताला. खरी कुणी पळवली? पहिला मान अर्थातच जुनेवाल्याचा. तो बिचारा फळं घेऊन भेटायला आला, तर सासूबाईंनी त्याच्यादेखत मला सांगितलं की ती फळं गाईला घाल. मग मॅडमचा नंबर लागला. आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना पाणी पाजत असताना त्या घोट गिळून म्हणाल्या, "मागे मला ताप आला होता, तेव्हा दालनाच्या किल्ल्या तुझ्याकडे होत्या."

माझ्या हातातला पेला मी टेबलावर आपटला. इतकी वर्षं साखर सोसली, टोमणे सोसले, पण हे नाही सोसलं. "आई, मी चोर आहे असं तुम्हाला म्हणायचंय का?"

"मी फक्त किल्ल्यांचं बोलले. बाकीचं तू बोललीस."

मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, की खरी हरणी कुठे आहे ते कळेपर्यंत मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. हे म्हणाले, आईचा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, स्वभाव माहीत असला म्हणून चोरीचा आळ घेऊन गावात फिरू का? एवढंसं गाव. उद्या खिडकीवर बसले की तिकीट घेणारे माझ्या तोंडाकडे बघणार.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या घरी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी हसू नव्हतं. दार लावून घ्यायला सांगून त्या म्हणाल्या, "कुणी काही चोरलेलं नाही. कपाटात ठेवली ती आधीपासून नक्कलच होती. खरी खालच्या शहरात बँकेच्या तिजोरीत आहे. मी इथे रुजू झाले तेव्हा मला सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असंही सांगितलं गेलं. मी त्या दिवशी घसा फोडून ओरडत होते गं, पण त्यांनी माझं ऐकायचंच नव्हतं."

मी सगळा राग गिळून दवाखाना गाठला आणि हे सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या चक्क हसल्या. "अगं, किती भोळी तू! कुंपणानेच शेत खाल्लं. खरी विकून बसली आणि आता म्हणते पहिल्यापासून नकलीच होती. बँक कुणी उघडून बघितली आहे?" मग म्हणाल्या, "थोरल्या साहेबांच्या काळात असं झालंच नसतं. मला त्यांच्याकडे ने. ते सांगतील काय खरं ते. मग बघते त्या बाईकडे."

माझ्यावरचा आळ त्यांनी मागे घेतला नव्हता, फक्त बाजूला ठेवला होता. पण मलाही उत्तर हवंच होतं. दवाखान्यातून सोडलं त्याच दिवशी ह्यांनी आम्हाला टॅक्सीतून साहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. साहेबांचं घर वरच्या अंगाला आहे, पुढे लोखंडी कठडा आणि उतार. ते शाल पांघरून खिडकीशी बसले होते. सासूबाईंचा गळ्यात बांधलेला हात पाहून त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

सासूबाईंनी प्रस्तावना केली नाही. "साहेब, ती बाई म्हणते कपाटातली नकली होती. तुमच्या वेळेपासून. खोटं बोलते ना?"

साहेब म्हणाले, "नाही बाई. खरं आहे ते."

"तुमच्या वेळेपासून?"

"तुम्ही कामाला लागलात त्याच्याही आधीपासून. खरी तिजोरीत मीच ठेवली."

मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. खरं तर मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"मला सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय होता तुमचा?"

"छे! उलट आहे. चोर वस्तूकडे बघत नाही, राखणाऱ्याकडे बघतो. तुम्ही तिच्यापुढे ज्या डोळ्यांनी उभ्या राहायच्या, ते पाहून कुणाच्या मनातही यायचं नाही की ही नकली असेल. तुम्हाला कळलं असतं तर ती नजर राहिली नसती. त्या नजरेवरच खरी सुरक्षित राहिली. तुमचं काम वाया गेलेलं नाही."

ते मनापासून बोलत होते. मला तर वाटतं, ते वाक्य त्यांनी कितीतरी वर्षं तयार करून ठेवलं होतं. सासूबाईंनीही ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी उजव्या हाताने गळ्यातली पट्टी सारखी केली.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही फाटकाशी होता. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती बाई ओरडत होती, ही माझा हात ओढत होती. तुम्ही का नाही म्हणालात, जाऊ नका?"

साहेबांचे ओठ हलले. "लोक होते बाई. प्रवासी होते, गावातले होते, जुनेवाला होता. तुम्हाला थांबवायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तुम्ही दारापर्यंत जाऊन परत याल. मला खरंच तसं वाटलं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. चहाला हात लावला नव्हता. साहेब पाठीमागून म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नका हं," आणि त्या न वळता म्हणाल्या, "मी कशाला बोलू?"

आम्ही गल्लीतून खाली निघालो. माझी क्षमा मागतील असं मला वाटलं नव्हतं आणि त्यांनी मागितलीही नाही. टॅक्सी दिसायला लागली तशा त्या थांबल्या. डोळे कोरडे होते, पण आवाज त्यांचा नव्हता.

"साहेबांकडे येताना सगळ्या वाटेने मी देवाला काय म्हणत होते ठाऊक आहे? ती बाई चोर निघू दे. ती नाही तर तो जुनेवाला. ती नाही, तो नाही, तर तू." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "अगदी तू निघाली असतीस तरी मला चाललं असतं गं."

पुढे उतार होता आणि कठडा त्यांच्या डाव्या हाताला होता. मी त्यांचा दुसरा हात धरला आणि आम्ही खाली उतरलो.