राजीनाम्यानंतरचे आठ दिवस

लॉर्डसाहेब आमच्या घरी सहा वर्षं राहिले. म्हणजे राहिले माझे सासरे, आणि त्यांच्यामागोमाग तेही. सासूबाई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर आले, तेव्हा दोन बॅगांपैकी एक निव्वळ कागदांची होती. "बाबा, एवढी रद्दी?" नवरा एअरपोर्टवर म्हणाला. "रद्दी तुझ्या ऑफिसात असते," बाबा म्हणाले आणि ती बॅग त्याला उचलू दिली नाही.

लॉर्डसाहेब म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक इंग्रज उमराव. त्यांचं नाव लिहीत नाही, आमच्या घरातही ते कुणी घेत नव्हतं. जन्म मोठ्या जहागिरीत. मतदारसंघ घराण्याच्या खिशातला, त्यामुळे प्रचाराला घराबाहेरही न पडता ऐन तरुणपणी पार्लमेंटात. थोरला भाऊ वारल्यावर पदवी, मग एकामागून एक मंत्रिपदं, आणि त्यांत काही महिने भारतमंत्री. भारत या माणसानं कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पण त्या काही महिन्यांत आमच्या सासरच्या तालुक्यातल्या एका तलावाची फाईल त्यांच्या टेबलावर गेली आणि त्यांनी ती पुढे ढकलली. तो तलाव काही झाला नाही.

बाबा इतिहासाचे प्राध्यापक. ह्या माणसाला सोडायचं नाही, असं ठरवून त्यांनी तरुणपणी त्याचं चरित्र लिहायला घेतलं. चाळीस वर्षं त्याची पत्रं, भाषणं, भानगडी धुंडाळल्या, आणि त्यात राग कधी विरून गेला ते त्यांनाही कळलं नाही. "बिचारा," म्हणायचे. मी म्हणायचे, "कसला डोंबलाचा बिचारा! दाराशी बग्गी, हाताखाली पन्नास नोकर." त्यावर बाबा नुसते हसायचे.

हात थरथरायला लागल्यावर त्यांचं अक्षर त्यांनाच लागेना. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ते सांगणार आणि मी लॅपटॉपवर टाइप करणार, असं ठरलं. कुणी ठरवलं? मीच, मोठ्या उत्साहात. मी बँकेत ग्राहकांची कागदपत्रं तपासते. पुरावा नसेल तर फाईल परत, मग समोर कुणी का असेना. बाबांचंही तसंच. संदर्भ नसलेलं एक वाक्य ते पुस्तकात येऊ द्यायचे नाहीत. लॉर्डसाहेबांना त्या दिवशी पडसं झालं होतं, एवढ्यालासुद्धा टीप. इतर बाबतींत आमचं फारसं पटत नसे, पण इथे आम्ही दोघं एका माळेचे मणी होतो.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग बाबांचे गुडघे गेले, मग ते बाथरूममध्ये पडले, मग एकदा गॅसवर दूध ठेवून खाली बाकावर जाऊन बसले. शेजारची चिनी म्हातारी धावत आली म्हणून वाचलो. नवरा आठवड्यातले चार दिवस जकार्ताला. लेकीचं परीक्षेचं वर्ष. घरी बाई ठेवायची म्हटलं तर झोपायला जागा कुठली, आणि बाबांना परकं माणूस अंगाला हात लावलेलं खपत नाही. राहिलं कोण? मी. सकाळी त्यांची अंघोळ, मग एमआरटीची गाडी, मग ऑफिस, दुपारी तीनदा फोन, संध्याकाळी पुन्हा तेच. खरं सांगते, मला बाबांचा कंटाळा आला नव्हता. मला माझाच कंटाळा आला होता, सारखं चिडणाऱ्या त्या बाईचा.

पुण्याजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे असं नणंदेनं कळवलं. डॉक्टर आहे, बाग आहे, मराठी माणसं आहेत. बाबांच्या इथे राहायच्या परवान्याची, व्हिजिट पासची, मुदत संपत आली होती. ती वाढवायची नाही, असं आम्ही नवराबायकोनं एका रविवारी बाबा झोपलेले असताना ठरवलं. कुजबुजत ठरवलं, चोरासारखं. सांगायचं मात्र पुस्तक झाल्यावर. एकच प्रकरण राहिलं होतं, लॉर्डसाहेबांच्या राजीनाम्याचं. पुस्तक तिथेच संपणार, हे बाबांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. मरण हा राजकारणाचा भाग नाही, म्हणायचे.

आणि मग ते प्रकरण येईचना. एका शनिवारी लॉर्डसाहेबांची शिकारी कुत्री आली. पुढच्या शनिवारी त्यांची बाग, मग माळ्याशी झालेला गुलाबांवरून वाद, मग एका मेजवानीत कोण कुणाशेजारी बसलं त्याची भली मोठी यादी. सगळं टिपांसकट. लेक जेवताना विचारायची, "आजोबा, युअर लॉर्ड स्टिल नॉट रिझाइन आह?" बाबा म्हणायचे, "त्यांना घाई नाही, बेटा." मला मात्र होती. पुण्याच्या खोलीची तारीख ठरली होती, तिकीट काढलं होतं, आणि बाबांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

एका शनिवारी त्यांनी कुत्र्यांची नावं सांगायला सुरुवात केली. अठरा कुत्री! पाचव्या नावाला माझं डोकं सटकलं. "पुरे झालं, बाबा!" मी ओरडले. "कुणाला वाचायचीत हो ही कुत्री? लॉर्डसाहेबांना राजीनामा देऊ द्या की आता एकदाचा!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुढच्या रविवारपर्यंत व्हायला हवं ना?" ते म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग कळलं ते असं. दीड महिन्यापूर्वी नवऱ्यानं पुण्याचा फॉर्म घरच्या प्रिंटरवर छापला होता आणि तो उचलायला विसरला होता. बाबा त्यांच्या प्रकरणाची पानं घ्यायला गेले तर वर तो फॉर्म. नाव, वय, आजार, खोली कधीपासून, सगळं भरलेलं. फक्त सहीची जागा रिकामी. त्यांनी तो वाचला आणि पालथा करून परत तिथेच ठेवला. कुत्री आणि गुलाब त्यानंतर आले होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"चल, लिही," म्हणाले. आणि दीड महिना अडलेलं प्रकरण त्यांनी एका बैठकीत सांगून टाकलं. मंत्रिमंडळात झालेला मतभेद, लॉर्डसाहेबांनी लिहिलेलं चार ओळींचं पत्र, आणि 'थांबा' असं एका शब्दानं न म्हणता पंतप्रधानांनी ते मंजूर केलं, ते. प्रत्येक ओळीला टीप. शेवटी म्हणाले, "आता हे लिही. राजीनामा पाठवल्यावर ते आठ दिवस आपल्या घराच्या खिडकीत बसून होते. परत बोलावणारी गाडी येतेय का, ते ऐकत होते."

माझी बोटं सवयीनं थांबली. "संदर्भ?"

"नाही."

"बाबा, मग कसं..."

"लिही म्हटलं ना."

मी लिहिलं. पूर्णविराम दिला, टिपेचा आकडा टाकला, टीप रिकामी ठेवली. तेव्हाच 'थांबा' एवढा एक शब्द बोलायचा होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. इतकी मी मूर्ख नाही. पण माझं तोंड उघडलं नाही. उलट आतून कुठेतरी हायसं वाटलं, की सुटले, सांगायचं काम वाचलं. ह्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. बाबांनी फॉर्म मागवून घेतला आणि सही केली.

त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. जाळीच्या दारातून समोर लिफ्ट दिसते. लिफ्ट वाजली की मान वर करायचे. मी ऑफिसातून यायचे तेव्हा लिफ्टचं दार उघडताच पहिल्यांदा त्यांचे डोळे दिसायचे, थेट माझ्याकडे लागलेले. मी चपला काढत विचारायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." रोज एवढंच. रविवारी नवरा त्यांना पोचवायला गेला. कागदांची बॅग बाबा माझ्याकडे ठेवून गेले.

चार महिन्यांनी पुण्याच्या प्रकाशकाकडून पुस्तकाची मुद्रितं आली. शेवटच्या पानावर संपादकांनी लाल शाईत लिहिलं होतं की टीप रिकामी आहे, संदर्भ द्यावा किंवा वाक्य गाळावं. मी बाबांना फोन लावला. शनिवार होता, दुपारच होती. मागे कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज येत होता.

"बाबा, ते आठ दिवसांचं वाक्य आहे ना, त्याचा पुरावा मागतायत."

"गाळून टाक," ते लगेच म्हणाले. "तेव्हा लिहिलं. आता त्याचं काही अडलेलं नाही."

अगदी सहज म्हणाले. लॅपटॉपवर ते वाक्य समोर होतं, आणि गाळायला एक बोट पुरलं असतं.

"नाही गाळणार," मी म्हणाले. "पुरावा आहे."

"कुठला?"

"मी आहे. आठही दिवस लिफ्टमधून मीच येत होते ना. पाहत होते मी."

पलीकडे कुणीतरी सोंगटी घातली आणि ओरडलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" बाबांनी विचारलं.

नोकरी, गुडघे, गॅस, लेकीची परीक्षा, सगळं त्यांना माहीत होतं.

"दमले होते, बाबा."

"हं," ते म्हणाले. "मग टिपेत तेही लिही." आणि त्यांचा डाव आला म्हणून त्यांनी फोन ठेवला.