भिंतीवर राहिलेला मी

कुंभकोणमच्या स्टेशनावर मद्रासची गाडी उभी होती. मी तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत बसलो होतो आणि माझ्या बोटांना फुलांचा वास येत होता. घरून निघण्याआधी मी एका फोटोला हार घातला होता. फोटो माझाच होता. अख्ख्या तंजावर जिल्ह्यात स्वतःच्या तसबिरीला स्वतः हार घालून नोकरीवर रुजू व्हायला निघालेला इंजिनिअर दुसरा कोणी झाला असेल असं मला वाटत नाही.

अम्मा खिडकीशी उभी होती. एरवी ती स्टेशनावर यायची नाही, त्या दिवशी आली होती.

"जाऊन येतों म्हण," ती म्हणाली.

"घरी म्हटलं की, अम्मा."

"इथें म्हण. मोठ्यान म्हण. अस्क्यांना ऐकूं जाऊं दे."

मग मी त्या फलाटावर, इडल्या विकणाऱ्यापासून गार्डापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "जाऊन येतों!" दोघांतिघांनी वळून पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली. अम्माचं समाधान झालं नसावं, कारण गाडी हलल्यावर तिने मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

तुम्हा भावंडांना ही गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे. दर लग्नात जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "माधवराव, तुम्ही मेलात कसे ते सांगा." मग मी सांगतो आणि तुम्ही हसता. आता नीट लिहून काढतो आहे, कारण हसण्याच्या नादात शेवट राहून जातो. तुमच्यातले जे तिथेच राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे उठून गेले त्यांच्यासाठीही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मद्रासला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होतो आणि एकाच वेळी तीन माणसं होण्याचा प्रयत्न करत होतो. पहिला माणूस शहाणा होता. तो कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांना मुलाखती देत होता. पुण्याजवळच्या एका इंजिनच्या कारखान्याने त्याला पसंतही केलं होतं, कारण अर्जावर मातृभाषा मराठी लिहिली होती. दुसरा माणूस रात्रंदिवस ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला असे. त्याला पूल काढायचे होते. गावच्या अरसलार नदीवर त्याने कागदावर इतके पूल बांधले होते की खरे बांधले असते तर नदी दिसली नसती. तिसऱ्याकडे मामाने दिलेला जुना घडीचा कॅमेरा होता, आणि या तिघांत तोच सर्वांत वाया गेलेला होता.

मन मात्र दुसऱ्याच्या बाजूला होतं. मद्रासमध्ये पुलांचे आराखडे करणारी एक कचेरी होती. तिथले मुख्य, पांढरी पगडी बांधणारे एक वयस्क तमिळ गृहस्थ, माझे नकाशे बराच वेळ पाहत बसले होते. "पंधरवड्यात कळवतो," म्हणाले होते. ती जागा मिळाली असती तर मी हवं ते काम करणार होतो आणि दर पोंगलला, दर दिवाळीला घरी येणार होतो. पुणं म्हणजे पुणं. मराठी राज्याबरोबर तंजावरला आल्यापासून आमच्या घरातून त्या दिशेला तीनशे वर्षांत कोणी गेलं नव्हतं.

परीक्षा संपवून मी घरी आलो आणि वाट पाहू लागलो. वाट पाहताना वेळ जाईना म्हणून स्वतःचा फोटो काढला.

हा फोटो मी कलात्मक काढला होता. म्हणजे अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, आणि नजर वर, जणू आढ्यापलीकडे काहीतरी दिसतंय. देवघराला खिडकी नव्हती, म्हणून लाल कागद लावलेला कंदील नेऊन फिल्म तिथेच धुतली. विठोबापुढे रसायनांच्या थाळ्या मांडल्या म्हणून अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. मोठा प्रिंट गावातल्या स्टुडिओतून करून घेतला. स्टुडिओवाला भिंतीवर टांगायची चौकट एकाच प्रकारची करत असे, काळी, आतून सोनेरी रेघ. त्याच्याकडे जिवंत माणसांसाठी टेबलावर उभ्या करायच्या छोट्या चौकटीही होत्या, पण आमच्या घरी टेबलच नव्हतं.

अम्माला फोटो फार आवडला. तिने तो पुढच्या खोलीत, मोकळ्या खिळ्याला टांगला. त्या ओळीत आजोबा होते, आजी होती, कॉलऱ्याने गेलेला काका होता आणि आता मी होतो. शुक्रवारी ती देवांच्या तसबिरींना कदंबम, म्हणजे फुलं, मरवा, दवणा एकत्र गुंफलेली जाड माळ, घालत असे. माळ उरली तर आजोबांना, आजीला, काकाला. त्या शुक्रवारी मलाही मिळाली. काचेवर गंध आणि कुंकवाचा टिळाही लागला.

"अम्मा, हें कसाला?" मी विचारलं.

"अस्क्यांना घातली. तुला एकट्याला नाको म्हणूं?"

मला ते मनातून बरंच वाटलं. माळेमुळे चेहऱ्याला शोभा आली असंही वाटलं. मी कॅमेरा घेतला आणि स्वामीमलैला निघून गेलो. तिथे मूर्ती ओततात, त्याचे फोटो काढायचे होते. अप्पा पापनाशमला तालुका कचेरीत कामावर गेले होते.

दुपारी दारात घोड्याचा जटका थांबला. पांढरी पगडी, चांदीच्या मुठीची छत्री. मुख्य साहेब सपत्नीक तिरुक्करुगावूरला निघाले होते, त्यांच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिथल्या देवीला सांगायचं होतं. वाटेत कुंभकोणम. त्यांना वाटलं, पोराला नोकरी स्वतःच्या तोंडाने सांगावी. बायको जटक्यातच बसली. साहेब आत आले आणि म्हणाले, मद्रासहून आलो, माधवरावला भेटायचं होतं.

अम्मा परक्या पुरुषाशी फार बोलत नसे. "बसा," म्हणाली आणि कॉफी करायला आत गेली. आधी कॉफी, मग बोलणं, अशीच आमच्याकडची रीत. लाकडं ओली होती. चूल फुंकून फुंकून ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि साहेब भिंतीसमोर उभे होते.

"हाच ना?" त्यांनी फोटोकडे बोट केलं.

अम्माने पदराने डोळे पुसत मान हलवली.

"आणखी मुलं आहेत?"

"धाकटा आहे."

"त्याला जपा," साहेब म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॉफीच्या पेल्याकडे पाहिलंही नाही. छत्री उचलली आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर पडले. अम्मा पेला हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत धावली, मुलगा संध्याकाळी येतो हे सांगायला. तोवर जटका वळला होता.

संध्याकाळी मी आणि अप्पा घरी आलो तेव्हा ती अजून रागातच होती. "मोठे माणूस म्हणायचे. आलेले घोटभर कॉफी घेतले नाहींत. 'येतों' देखील म्हणाले नाहींत. उठले, गेले."

मी पगडी आणि छत्री ऐकूनच उडी मारली होती. अप्पा मात्र पायरीवरच थांबले. एक पाय वर, एक खाली.

"कॉफी घेतले नाहींत?"

"नाहीं."

"येतों म्हणाले नाहींत?"

"म्हटलं की, नाहीं!"

अप्पांनी सावकाश मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आमच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे, कोणाच्याही घरून निघताना 'जाऊन येतो' म्हणायचं. फक्त एकाच घरून निघताना म्हणायचं नाही. तिथे पाणीही घ्यायचं नाही. न सांगता उठायचं आणि सरळ जाऊन अंघोळ करायची.

मीही पाहिलं. काळी चौकट, जाड माळ, टिळा, शेजारी काका. अर्धा काळोखात बुडालेला, वर पाहणारा चेहरा. मला हसू फुटलं.  स्वतःकडे मी प्रथमच दुसऱ्याच्या नजरेने पाहत होतो, आणि भिंतीवरचा तो मेलेलाच होता, शंका घ्यायला जागा नव्हती. फोटोग्राफर म्हणून एवढं यश मला पुढे कधी मिळालं नाही.

मिळेल त्या पहिल्या गाडीने मद्रास गाठायचं ठरलं, पण आडवा आला शनिवार आणि रविवार. सोमवारी कचेरी उघडली तेव्हा मी दारात होतो. साहेब टेबलावर वाकलेले होते. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली पेन्सिल घरंगळत जमिनीवर गेली. ती उचलायला कोणी वाकलं नाही. त्यांनी खुर्चीची पाठ पकडली. मी "सर, मी..." म्हणालो. जिवंत आहे हे सांगायचं वाक्य कोणत्याच भाषेत तयार नसतं. ते टेबलाला वळसा घालून आले आणि माझं मनगट धरून उभे राहिले, वैद्य धरतो तसे.

"तुझ्यासाठी मी कावेरीत डोक्यावरून अंघोळ केली," ते अखेर म्हणाले. "माझी बायको देवळात न जाता परत आली. अशा घरून आलेल्या माणसाबरोबर देवीसमोर कसं जायचं, म्हणाली. आता तिला मी काय सांगू?"

मी क्षमा मागितली. जिवंत असल्याबद्दल क्षमा मागण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्यांच्या मागे खिडकीजवळ एक ड्रॉइंग बोर्ड होता. त्यावर एक मुलगा वाकलेला होता. साहेबांनी परतल्याबरोबर यादीतल्या पुढच्याला तार केली होती आणि तो हातची दुसरी नोकरी सोडून त्याच सकाळी तिरुनेलवेलीहून येऊन पोचला होता. पत्र्याची ट्रंक अजून पायाशी होती. साहेब माझ्याकडे पाहत होते, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. मी काही मोठेपणाने गप्प राहिलो असं समजू नका. माझ्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. शब्द फुटला तेव्हा मी जिन्यात होतो आणि शब्द होता "पुणं".

अम्माला तेव्हा काही उमगलं नव्हतं आणि आम्ही तिला काही सांगणार नव्हतो. पण आमची गल्ली! जटकेवाल्याकडून कळलं आणि दोन दिवसांत बायका दारात. "जित्या पोराला माळ घातलीत? काय केलंत हे!" अम्माने आत येऊन फोटो खाली काढला, जुन्या साडीत गुंडाळला आणि तांदळाच्या कणगीमागे ठेवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. पुढच्या शुक्रवारी तिने देवांनाही माळ घातली नाही. "माझा हात नाको," म्हणाली. "धाकट्याला घालूं द्या."

पूल गेल्याचं मला दुःख झालं होतं, नाही म्हणत नाही. पण अम्मा माळ गुंफेना, हे पाहून मी हबकलो. रोज संध्याकाळी फुलवाली टोपली घेऊन दारात डोकावायची आणि काही न विकता पुढे जायची. अप्पा समजावत. "तीनशे वर्षें झालीं येऊन. एकान परत जाऊन मुलूख कसा आहे पाहायला नाको?" ती ऐकत नसे. मी पुण्याला जाणार आणि तिकडे मला काही होणार, ते तिच्या हातून आधीच झालेलं आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून निघण्याच्या दिवशी मी कणगीमागून फोटो काढला. साडी सोडली, काच पुसली, त्याच खिळ्याला टांगला. बाजारातून कदंबम आणलं होतं, ते घातलं. टिळा लावला.

अम्मा स्वयंपाकघरातून धावत आली. "काढ! काढ तें! नाको रे!"

"अम्मा, एकदा मेलों. साहेबांनीं अंघोळ देखील केली. आतां त्याच माणसाला पुन्हा कोण मारतो? तूं दर शुक्रवारीं घाल. मीं तिथें पुण्यांत बेस असेन."

तिने फोटोकडे पाहिलं. मग पुढे आली आणि माळ एका बाजूला तिरकी झाली होती ती सारखी केली. म्हणाली, "तुला माळदेखील घालायला येत नाहीं." त्यानंतर ती स्टेशनावर आली.

पुण्यात मला सगळ्यांनी आपलं म्हटलं आणि कोणालाच मी कळेना. घरमालक म्हणाले, "अहो, तुम्ही बोलता की बखर वाचता?" ज्या मुलखातून आम्ही आलो असं आयुष्यभर ऐकलं, तिथे मी मद्रासी होतो. चहा प्यायला शिकलो. ताकात पोहे भिजवायला शिकलो. कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर पुलांऐवजी इंजिनांची झाकणं काढली. चांगली काढली, अजून गळत नाहीत. कॅमेऱ्याने कारखान्याच्या सहलींचे फोटो काढले, त्यात सगळे जिवंत दिसतील याची फार काळजी घेतली.

लग्न झालं, मुलगी झाली. ती पाच वर्षांची असताना तिला प्रथम कुंभकोणमला नेलं. शुक्रवार होता. ती पुढच्या खोलीत जाऊन थबकली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी साहेबांचा चेहरा नेमका कसा झाला असेल, ते मला तेव्हा दिसलं.

"आजी," ती म्हणाली, "बाबांना हार का घातलाय?"

अम्मा कॉफी गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तो माझा माधव. घरींच असतो. हे बसलेत ते पुण्याचे."



ती विनोद करत नव्हती. मी नसताना ती त्याच्याशी बोलायची, हे मला धाकट्याच्या बायकोने नंतर सांगितलं. आज काय केलंय, कोणाचं लग्न ठरलं, कावेरीला पाणी किती आलं. मी दरमहा पत्र पाठवत होतो, ते अप्पा तिला वाचून दाखवत, आणि ती ऐकून घेत असे, दूरच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं. घरातला मुलगा घरातच होता. बावीस वर्षांचा, अर्धा उजेडात, वर पाहणारा. त्याला मीच माझ्या हाताने तिथे टांगून गेलो होतो.

आता त्या ओळीत अप्पा आहेत, अम्मा आहे. अम्माचा फोटो मी काढलेला, समोरून, भरपूर उजेडात, आणि माझ्या शेजारच्या खिळ्याला आहे. धाकट्याची बायको दर शुक्रवारी सगळ्यांना कदंबम घालते. मला वगळ म्हणून मी एकदा सांगून पाहिलं, तर सासूचा हवाला देत म्हणाली, "अत्तैंनी सांगितलेलं आहे, भाऊजी. अस्क्यांना घालायची."

वर्षा-दोन वर्षांनी जातो. घर कोणतं, असं इथे कोणी विचारलं तर पुण्याचा पत्ता देतो, तो बरोबरच आहे. पण कुंभकोणमहून निघायच्या वेळी धाकटा कामावर असतो, त्याची बायको मागे विहिरीवर असते, पुढच्या खोलीत ती ओळ आणि मी एवढेच असतो. सगळे गेलेले, रीतीप्रमाणे अशा जागेवरून न बोलता उठावं. मी पेटी उचलतो, उंबऱ्यात थांबतो आणि त्या सगळ्यांकडे, त्या पोराकडेसुद्धा पाहून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, "जाऊन येतों."