लायब्ररीत न वाचलेलं उत्तर

आमच्या ईट गावच्या स्टँडवर मला सोडायला आई, अण्णा, दादा आणि शेजारच्या दोन काकू आल्या होत्या. वहिनी तेवढ्या आल्या नव्हत्या. सकाळचं दूध आलेलं होतं, खव्याची भट्टी पेटलेली होती, आणि कढईतलं दूध एकदा तापलं की खवा होईपर्यंत ढवळणाऱ्याला जागचं हलता येत नाही. म्हणून निघताना मी भट्टीच्या दारातूनच ओरडले, "वहिनी, निघाले!" धुरातून आवाज आला, "सावकाश जावा वन्सं. मन लावून शिका." एसटी हलायच्या वेळी अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "घरातली पहिलीच चाललीयास पुण्याला. आमची काळजी करू नगंस." अण्णांचं हे म्हणणं मी इतकं मनावर घेतलं की पुढं बरीच वर्षं कुणाचीच काळजी केली नाही.

पुण्यात बीएस्सीला ऑरगॅनिक केमिस्ट्री आली आणि माझी हुशारी पहिल्या महिन्यातच उघडी पडली. बारावीपर्यंत मी सगळं घोकून पास झाले होते. इथंही तेच केलं. बाराखडी म्हणावी तशा अभिक्रिया पाठ केल्या, वहीत तीन रंगांच्या पेनांनी खाली रेघा मारल्या, आणि पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन मार्क मिळवले. होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या, पण त्यांनी मला थांबवून नीट सांगितलं. पाठ करणं बंद कर. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर अभिक्रिया पहिल्यापासून काढ, प्रत्येक पायरीला 'का' म्हण. आणि रोज कुणाला तरी ती समजावून सांग, ज्याला यातलं काही येत नाही अशा माणसाला. तो जिथं अडेल तिथं तुला आलेलं नाही असं समज.

काही येत नाही असा माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लगेच वहिनी आल्या. आज हे लिहितानाही लाज वाटते. वहिनी बारावी सायन्स होत्या, आणि त्यांचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. लग्न ठरवताना त्यांच्या वडिलांनी ते अभिमानानं सांगितलं होतं. आम्ही चहा प्यालो आणि विसरून गेलो. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या भट्टीवर होत्या. आमचा खवा तुळजापूरच्या पेढेवाल्यांकडं जायचा, आणि तो चांगला असतो असं लोक म्हणायचे ते त्यांच्या हातामुळं.

मग रोज साडेदहाला, प्रॅक्टिकलच्या आधी, मी फोन लावायचे. वहिनी तो स्पीकरवर टाकून कोनाड्यात ठेवायच्या आणि ढवळता ढवळता ऐकायच्या. मी बोलत सुटायचे: कार्बन, बंध, इलेक्ट्रॉन इकडून तिकडं. अभिक्रिया कशी घडते ते दाखवायला आम्ही वाकडे बाण काढतो. मी एक बाण समजावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "वन्सं, एक इचारू का? ह्यो बाण कुणाकडनं निघतुय?" मी म्हटलं, इलेक्ट्रॉन कमी असलेल्याकडून. त्या म्हणाल्या, "ज्याच्याकडं हाय त्यानंच द्यायचं ना? ज्याच्याकडं न्हायच, त्याच्याकडनं बाण कसा निघंल?"

मी वही उघडली. सगळे बाण उलटे होते. तीन मार्कांचं कारण भट्टीपाशी बसून, वही न बघता, वहिनींनी सांगितलं होतं. त्यानंतर मला विषय कळायला लागला, मार्क चढायला लागले, आणि मॅडम वर्गात म्हणाल्या की हिच्याकडून शिका. मी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. कुणाला सांगून शिकते हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "घरी सांगते, त्यांना काय कळतंय, नुसतं हं हं करतात." मुली हसायच्या, आणि मीसुद्धा त्यांच्याबरोबर हसायचे.

दुसऱ्या वर्षी एस्टर आले. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवलं की फळासारख्या वासाचं एस्टर तयार होतं आणि सोबत पाणी सुटतं. मी फोनवर ते धडाधड सांगितलं. पलीकडून, ढवळण्याच्या आवाजातच, वहिनी म्हणाल्या, "आन् त्या पाण्याचं काय करत्यात? आमी तर पाणी आटवल्याबिगर खाली उतरवत न्हाय. पाणी तिथंच ऱ्हायलं तर केल्यालं परत मोडत न्हाय का?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायला काय झालं होतं? पण मी चिडले. म्हटलं, "वहिनी, तुम्ही फक्त ऐका हो. तुम्हाला काय कळायचंय त्यातलं."

"व्हय, ते बी खरंच," त्या म्हणाल्या. "ठिवते, ऊतू चाललंय."

नंतर मी फोन कमी केले. लायब्ररीत अभ्यासाचा ग्रुप मिळाला होता, बोलायला इंग्रजी होतं, घरच्या फोनला रविवार पुरायचा आणि त्या दिवशी फोन आईच्या हातात असायचा.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला एस्टरच दिलं. दोन प्रश्न बरे गेले. मग ते म्हणाले, सुटलेलं पाणी काढून घेतलं नाही तर काय होईल? माझी पाटी कोरी. आणि मग कानात तो आवाज आला. मी वहिनींचं वाक्य उचललं, इंग्रजीत घातलं आणि सरांपुढं ठेवलं: पाणी तिथंच राहिलं तर तयार झालेलं एस्टर पुन्हा मोडेल, म्हणून पाणी काढत राहायचं. सर खूश झाले. म्हणाले, "व्वा, पाठ केलेलं वाटत नाही. कुठं वाचलंस?"

मी म्हटलं, "लायब्ररीत."

आता मी हैदराबादला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. फ्लॅट आहे, शिफ्ट आहे, टार्गेट आहे, स्विगीवरची इडली आहे. कामात कितीतरी वेळा अभिक्रियेतलं पाणी बाहेर काढावं लागतं. काचेच्या नळीत ते थेंब थेंब जमताना दिसलं की माझा चेहरा तापतो. नवीन ट्रेनी मला विचारतात, मॅम, ऑरगॅनिकचा अभ्यास कसा करायचा? मी मॅडमचं सगळं सांगते: कोरा कागद, प्रत्येक पायरीला 'का', आणि समजावून सांगायला एक माणूस. त्या माणसाशी नंतर कसं वागायचं हे मी सांगत नाही. गाव सोडून शिकायला आलेल्या तुमच्यापैकी कुणाचा असा माणूस असेल, तर तुम्हाला मी काय म्हणते ते कळेल.

यंदा मे महिन्यात ईटला गेले ते वहिनींना सगळं सांगायचं ठरवूनच. भट्टी आता डिझेलच्या बर्नरवर चालते, पण ढवळायला वहिनीच होत्या. मी पाटावर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं: परीक्षा, सरांचा प्रश्न, त्यांचं वाक्य, लायब्ररी. वाटलं होतं, रागावतील किंवा हसून सोडून देतील. त्यांचा हात क्षणभर थांबला.

"वन्सं, म्हंजी माझं बरुबर हुतं?"

"अगदी बरोबर होतं, वहिनी."

"मग तवाच सांगायचं ना वं." त्या पुन्हा ढवळायला लागल्या. "नऊ वर्सं मला वाटलं, आपुन कायतरी येड्यावानी इचारलं, म्हून तुमी रागावला. परत काय इचारलं न्हाय मग म्या."

"मला?"

"कुणालाच."

हे बोलताना त्यांच्या तोंडावर हसू होतं. आपलं बरोबर निघालं याचा त्यांना खरा आनंद झाला होता, आणि मला तो बघवेना. मी उठून बाहेर गेले आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून रडले. माफी मागायची तेवढी राहूनच गेली. ती मी दुसऱ्या दिवशी मागितली. "काय बी बोलता वन्सं," म्हणून त्यांनी मला चहा दिला.

हैदराबादला लोक विचारतात, गावाकडं आता काय आहे तुझं? पूर्वी मी आई-अण्णा, शेत, खवा असं काहीबाही सांगायचे. आता मला घर म्हटलं की एवढंच आठवतं की तिथं एका बाईनं माझ्यामुळं विचारायचं सोडून दिलं. सध्या मी पुन्हा रोज साडेदहाला फोन लावते. एस्टरच्या पुढचा धडा सांगते, आणि अवघड जागा आली की मुद्दाम थांबते. पलीकडून ढवळण्याचा आवाज येत राहतो. वहिनी म्हणतात, "व्हय, ऐकतीय." विचारत अजून काहीच नाहीत.