बंद चौकटीतली निळी फळी

भूत, भानामती, बाहेरचं… यातलं काहीही माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. वय अठ्ठेचाळीस, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत कॉम्प्युटर क्लास चालवते, आणि घरातल्या किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या करते. यादीत न बसणारी गोष्ट मी सहसा मानत नाही. ही एकच बसली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव लाखनीपासून सहा-सात किलोमीटरवर. गावच्या तलावाच्या पाण्यावर धान होतं. पाऊस लवकर गेला की पाणी पाळीनं द्यायचं, आणि नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, शेवटच्या शेताला आधी — हा आमचा नियम. पाळीची यादी अकरा वर्षं माझ्याकडे. तलावाचं गेट उघडायचं काम प्रभाकरभाऊंकडे. ते आमचे शेजारी. पहिली यादी करताना माझ्यासोबत उन्हात सगळी नहर पायी फिरलेला माणूस. माझ्या यादीवर कुणी शंका घेतली की माझ्याआधी तेच भांडायचे.

दोन वर्षांपूर्वी मी गावासाठी एक वेब पेज केलं. त्यात तीन चौकटी : पाळीची यादी, हवामान, आणि गेटवरच्या कॅमेऱ्याचा फोटो. दर पाच मिनिटांनी फक्त चौकटी ताज्या व्हाव्यात, अख्खं पान नाही, म्हणून जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या. फोटोच्या पत्त्यापुढे दर वेळी चालू वेळ जोडायची, नाहीतर ब्राउझर आळशासारखा जुनाच फोटो दाखवत राहतो. कॅमेरा खांबावर चढून प्रभाकरभाऊंनीच बसवला होता.

गेल्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, ते कॅमेरा काढून क्लासमध्ये घेऊन आले.

"वहिनी, माकडानं वायर तोडली. भंडाऱ्याले दुरुस्तीले टाकून द्या."

"गुरुवारी जाणारच आहे," मी म्हटलं आणि कॅमेरा डब्यात घालून, सुतळी बांधून कपाटात ठेवला. मग कोडमधल्या त्या चौकटीच्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या, म्हणजे ती ओळ चालतच नाही. चौकटीत 'कॅमेरा दुरुस्तीला' एवढी पाटी लावली.

बुधवारी पाळी शकूची होती. शकू माझ्या माहेरच्या नात्यातली, तिचं शेत नहरीच्या अगदी टोकाला. धान निसवायला आलेलं. त्या दिवशी पाणी चुकलं असतं तर लोंब्या पोचट राहिल्या असत्या.

दुपारी तीनचा सुमार. क्लास रिकामा, समोर ते पेज उघडं. गेटची चौकट क्षणभर पांढरी झाली, ताजी होताना होते तशी. मला वाटलं, ओळ बंद करायची राहिली की काय. तेवढ्यात फोटो आला.

गेटजवळ नहर आडवी बंद केलेली. तीन पोती, त्यांना टेकवलेली जुन्या दाराची निळी फळी. सगळं पाणी पहिल्याच बांधीत, धानाच्या वाफ्यात, वळलेलं, आणि ती बांधी प्रभाकरभाऊंची. ते स्वतः पोत्यावर पाय देऊन उभे. खाली तारीख त्याच दिवसाची, वेळ तीन वाजून दहा.

मी घाबरले नाही, तपासायला बसले. ओळ : बंदच. सर्व्हर : सोमवारनंतर एकही नवा फोटो नाही. कपाट : डबा जागेवर, सुतळीची गाठ माझीच. मग शकूला फोन लावला.

"पाणी येऊन राहिलं का गं?"

"कुठचं पाणी, ताई! सकाळपासून नहर सुकी. प्रभाकरभाऊ म्हणे, तलावातूनच कमी सुटून राहिलं."

स्कूटी काढली. वाटभर एकच म्हणत होते, हे खोटं निघू दे. खोटं निघालं नाही. पोती तीनच होती, आणि फळी निळीच.

प्रभाकरभाऊंनी मला पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं.

"कोनं सांगितलं तुम्हाले?"

"कॅमेऱ्यानं."

"काहून फसवता, वहिनी? कॅमेरा तं तुमच्या कपाटात आहे. वायर म्या सोताच…"

मी चप्पल काढून नहरीत उतरले आणि फळी ओढली. पोती त्यांनीच उचलली, माझ्याकडे न बघता. दिवस मावळेपर्यंत शकूच्या बांधीत घोट्याएवढं पाणी चढलं. धान वाचलं.

परत येऊन पाहिलं तर चौकटीत पुन्हा 'कॅमेरा दुरुस्तीला'. आणि मी, जी किराण्याच्या पावतीचाही फोटो काढून ठेवते, तिनं त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावात बैठक झाली. मला वाटलं, पाण्याचं विचारतील. प्रभाकरभाऊ उभे राहिले.

"चुकलो. पन वहिनीनं माह्या मागं मानूस लावला. अकरा वर्षं सोबत काम केलं, अन् माह्यावरच पाळत! थो मानूस कोन, ते इचारा तिले."

आणि लोकांनी खरंच तेच विचारलं. कोण होता? किती दिवसांपासून ठेवलाय? मी बंद ओळ, डबा, सुतळी, सगळं सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "बाप्पा, वहिनीचं कॉम्प्युटर तं देवऋषी निंगालं!" सगळे हसले. प्रभाकरभाऊही हसले… ते हसणं मला वायरीपेक्षा जास्त लागलं.

कोड मी जाणकारांना दाखवला, ब्राउझरची साठवण, सर्व्हरच्या नोंदी, सगळं तपासून घेतलं. त्या वेळी त्या चौकटीत काही आल्याची खूण कुठेच नाही. मला भास झाला म्हणावं, तर निळ्या फळीचं काय? ती मी आधी कधीच पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर शकू नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. चहा झाला. उठता उठता हळूच म्हणाली,

"ताई, राग नका येऊ देऊ… पन माह्यावरही कोनाची नजर ठेवता का तुम्ही?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मंग थो मानूस कोन व्हता?"

ती दारात थांबून राहिली. तो फोटो काढणाऱ्याचं नाव माहीत असतं, तर मी त्याच क्षणी सांगितलं असतं.