आमच्या घरातली थोरली

बातमी आली तेव्हा मशीन तापत होती. वच्छला, माझी बायको, बुलडाण्याच्या दवाखान्यात होती आणि पोरगी तिच्या उशाशी बसली होती. मी आंघोळीपुरता आणि कपडे घ्यायला देऊळघाटला घरी आलो होतो. आलो आणि सवयीनं खटका दाबला. आमची मशीन म्हणजे गाणं ऐकायचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. तो दाबल्याबरोबर बोलत नाही. आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत, ते आधी लाल होतात, मग तापतात, मग कुठं आवाज निघतो. तो निघायच्या आधीच फोन वाजला. पोरगी नुसतं "बाबा…" म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "समजलं. येतो." खटका बंद करायचं राहूनच गेलं. वच्छलाला शेवटची घरी घेऊन आलो तरी मशीन चालूच होती. थंडीचे दिवस होते. जमलेली माणसं हळूहळू त्याच कोपऱ्याकडे सरकून बसली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरी आलेलं माणूस थंडीनं काकडलेलं तिला चाललं नसतं.

तेरवीला जो तो म्हणत होता, बाई देवमाणूस होती. देवमाणूस-बिवमाणूस काही नव्हती. तोंडानं फटकळ होती, वरणात मीठ जास्त टाकायची, आणि भांडण झालं की भांड्यांवर राग काढायची. पण माझ्यासारख्या माणसासोबत ती हसत राहिली, आणि बहुतेक दिवस आम्ही सुखात होतो. चौथी शिकलेल्या माणसानं याच्याहून जास्त काय लिहावं… जे झालं ते लिहितो.

महाराष्ट्र नवीन झाला होता त्या काळातली गोष्ट. मी तेव्हा एका टुरिंग टॉकीजमध्ये आवाजाच्या मशीनवर होतो. गावोगावी तंबू ठोकायचा, जत्रा संपली की उठवायचा. पुढं मालकानं तो धंदाच मोडला आणि ती मशीन घेऊन मी घरी शेतीवर परत आलो. देऊळघाटात तेव्हा वीज नवी नवी आली होती. सागवानी फळ्यांची दोन खोकी करून घेतली, त्यात स्पीकर बसवले, आणि तबकड्या वाजवायला लागलो. गावातले म्हणायचे, एवढी मोठी मशीन अन् आवाज एवढासाच? त्यांना भोंगा पाहिजे होता. मला आवाज मोठा नको होता, साफ पाहिजे होता. गाणारा ओळीच्या आधी दम घेतो ना, तो दम ऐकू आला पाहिजे. तो आमच्या मशीनमध्ये ऐकू यायचा. बदल्यात ती खोलीची भट्टी करायची.

पुढच्या वर्षी लग्न झालं. वच्छला मोताळ्याची, कपाशीवाल्या घरची. नवी नवरी घरात आली तर तिला काय दिसलं? नवरा सकाळी उठतो, आंघोळ करतो, आणि आधी मशीनला उदबत्ती ओवाळतो. चार-सहा दिवस ती पाहत राहिली. मग एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे माह्या आधी या घरात आली ना?"

मी म्हटलं, "हाव. काऊन?"

"मंग हे थोरली अन् मी धाकटी. सांगून ठेवाचं होतं ना मांडवात."

तेव्हापासून मशीनचं नाव थोरली पडलं. आम्ही दोघंही तेच बोलायला लागलो, इतकं की पुढं त्यात हसण्यासारखं काही आहे हेही विसरलो. थोरली तापली का, थोरलीजवळ तांब्या ठेवू नका, थोरलीले आज आराम द्या.

तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. दोन खोल्या, वर टिनं, आणि आमच्याकडचा उन्हाळा. त्यात ही बया कोपऱ्यात फणफणायची. वच्छला पदरानं वारा घेत म्हणायची, "लोकाईच्या सवती नवऱ्याले तापवतात, माही तं टिनाले तापवून राह्यली." पण तोंडानं असं बोलणारी बाई हातानं वेगळंच करायची. पावसाळ्यात काड्यापेटी सादळली की ती मशीनच्या कडेला ठेवायची. थंडीत विरजणाचं भांडं तिच्या बाजूला गोधडीत गुंडाळायची, आणि दही असं लागायचं की सुरीनं कापावं. भिजलेल्या वातींपासून पापडापर्यंत सगळं त्या कोपऱ्यात वाळायचं. मी ओरडायचो, मशीन आहे का चूल आहे? ती म्हणायची, "तिले इचारा ना, तिची कायी तकरार हाये का?" पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून मशीनला झाकण शिवलं. म्हणाली, "थोरलीले लुगडं नाही, बरं नाही दिसत. माह्या मागं धूळ बसू देऊ नका तिच्यावर."

मोताळ्याला पोरगी झाली. सव्वा महिना झाला की मी जाऊन दोघींना आणायचं असं ठरलं होतं. दिवस वैशाखाचे. जायच्या आदल्या दिवशी मशीनमधून जळका वास आला, ट्रान्सफॉर्मर हात लावू देत नव्हता. खामगावचा मिस्त्री नेमका दुसऱ्या दिवशी आमच्याकडं यायचा होता. तो हातचा गेला तर परत महिनाभर सापडत नसे. आता मोताळ्याला कसं कळवावं? दारात चुडीवाली आमिनबी उभी होती. ती गावोगाव बांगड्या भरायची, मोताळ्याच्या बाजाराला निघाली होती आणि वच्छलाच्या माहेरी तिचं जाणं-येणं होतं. मी तिला म्हटलं, "मामाजीले निरोप सांगजो. थोरली लय तापून राह्यली. तिले असं टाकून मले येता येत नाही. तिचं बरं झालं की धाकटीले न्याले येतो."

आमिनबीनं माझ्याकडं कसं पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी मशीनच्या काळजीत होतो.

पुढचं मला वच्छलानं सांगितलं. आमिनबीनं ओसरीवर बसून निरोप शब्दाला शब्द सांगितला. माझे सासरे हातातला विडा तसाच धरून राहिले. त्यांना एवढंच समजलं की जावयाच्या घरात आधीची एक बायको आहे, ती आजारी आहे, आणि आपण आपली पोरगी सवतीवर दिली. वच्छला आतून हसत हसत बाहेर आली. म्हणाली, "बाबा, थोरली म्हंजे मशीन हाये. गाण्याची मशीन."

सासऱ्यांनी विचारलं, "मशीनले ताप येते?"

"हाव. लय तापते."

"अन् तिले टाकून त्याले येता येत नाही?"

"नाही ना. तिच्यापाशी बसा लागते."

जितकं ती खरं सांगत होती तितकं ते खोटं वाटत होतं. त्यांनी असली मशीन जन्मात पाहिली नव्हती. ते म्हणाले, "वच्छे, नवऱ्याची अब्रू झाकून राह्यली तू. झाक. पण मी सोता पायल्याशिवाय माही पोरगी अन् माही नात या घराचा उंबरा ओलांडणार नाही." तिचं हसू तिथंच थांबलं. सासरे एकवचनी माणूस, नाही म्हटलं की नाही. तिनं आईजवळ जाऊन सांगितलं, चुलत्याला सांगितलं, कुणीच ऐकेना. एका बांगडीवालीच्या निरोपावर आपला संसार अडकला, पोरीला बापाचं घर दिसतं की नाही, असं तिला वाटायला लागलं. ती म्हणायची, त्या दोन दिवसांत मी तुमच्या त्या थोरलीले इतक्या शिव्या देल्या की तिचा एखादा काचेचा दिवा फुटाले पायजे होता.

इकडं मला यातलं काहीच माहीत नाही. मिस्त्री येऊन गेला. मशीन बरी झाली. मी ती चालवून पाहिली, बंद केली, आणि वच्छलानं शिवलेलं लुगडं तिच्यावर टाकून विहिरीवर पाणी आणायला गेलो. परत आलो तर दारात चपला. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. मी पाण्याची बादली हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

बाहेर रखरखीत ऊन, आत अंधार, आणि म्हातारपणची नजर. त्यांना कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली, भिंतीकडं तोंड करून बसलेली बाई दिसली होती. परक्या बाईची मर्यादा राखावी तसे ते तिच्याकडं पाठ करून, टोपी काखेत धरून, हात जोडून उभे होते. आणि बोलत होते.

"बाई, तू उठू नोको. तुले बरं नाही हे मले समजलं. माहा तुह्यावर राग नाही. तुही यात काय चूक? तू आधीची, घर तुहं. पण माही पोरगी सोळा-सतरा वर्साची हाये, तोंडानं फटकळ हाये, पण मनात कायी ठेवत नाही. तिच्या कडेवर आता लेकरू हाये. तिले… तिले लायन्या बहिणीसारखी वागवशील का? मले एवढं सांग. तू हो म्हटलं तं मी धाडतो तिले."

आणि ते थांबले, उत्तराची वाट पाहत.

मी आजपर्यंत पुष्कळ हसलो असेन, पण त्या वेळी हसू आलं नाही. ज्या माणसाला मी भांडायला येईल म्हणून घाबरलो असतो, तो माझ्या घरात येऊन पोरीसाठी हात जोडून उभा होता. मी बादली ठेवली. बादलीच्या आवाजानं ते वळले. मी कोपऱ्यात गेलो आणि लुगडं ओढून घेतलं.

सासऱ्यांनी त्या लोखंडाच्या खोक्याकडं पाहिलं. मग पुढं आले, हात लावला आणि झटकन मागं घेतला. "अरे, हे तं खरंच तापलेली हाये!"

मी म्हटलं, "मामाजी, पाणी घ्या."

त्यांनी पाणी घेतलं. मी खटका दाबला. आतले दिवे लाल झाले. मग एक तबकडी लावली. ओळीच्या आधी गाणाऱ्यानं दम घेतला तसं सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तबकडी संपल्यावर उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "जवाईबापू, उद्याच्या गाडीनं पोरगी येईल. मी इथं काय बोललो ते तिले सांगू नका."

मी सांगितलं. बायकोपासून असली गोष्ट कोण लपवतो? ती आधी पोट धरून हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती म्हणाली, "माह्या बापानं माह्यासाठी मशीनले हात जोडले वं माय…" त्यानंतर सासरे जेव्हा जेव्हा आले तेव्हा दारातूनच विचारायचे, "थोरली बरी हाये ना?" आणि वच्छला आतून ओरडायची, "थोरलीच बरी हाये, धाकटीचं कोण इचारते?"

पण मला सांगायचं होतं ते तिच्या त्या दुसऱ्या दिवशीच्या येण्याचं. शेजारणीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. पोरगी कडेवर. आत आली ती सरळ कोपऱ्यात गेली आणि मशीनवर तळहात ठेवला. मी घाबरलो, मला वाटलं आता ही दोन दिवसांचा राग काढते. तिनं हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "गरम हाये. म्हंजे घरात माणूस होतं."

तिची ती रीतच झाली. शेतातून येवो, बाजारातून येवो की पोरीच्या सासरहून, चपला काढायच्या आधी हात मशीनवर. गरम असली की समजायची मी घरी आहे, मागं परसात असेन नाहीतर इथंच कुठं. कोमट असली की आत्ताच कुठं गेलोय. हाक मारायची नाही. हात ठेवायची आणि कामाला लागायची. पुढं जावयानं नवीन सेट आणून दिला, चांगला, अजिबात न तापणारा. तिनं त्याच्यावरही हात ठेवून पाहिला. म्हणाली, "आवाज बराय याचा. पण हा घरी हाये का बाहेर, समजत नाही." तो सेट अजून कपाटावर आहे.

ती गेल्यावर पहिल्यांदा शेतातून घरी आलो तेव्हा माझाच हात तिथं गेला. मशीन थंडगार पडली होती. दुसऱ्या दिवसापासून शेतात जाताना खटका दाबून जातो. तबकडी लावत नाही, नुसती चालू ठेवतो. पोरगी फोनवर ओरडते, बाबा, व्हॉल्व्ह जळतील, आता मिळत नाहीत. शेजारचे म्हणतात, म्हातारा घर पेटवून देईल एखाद्या दिवशी. म्हणू देत. मला ऊन उतरल्यावर घरी यायचं असतं.

काल आलो. कुलूप काढलं, आत गेलो, चपला काढायच्या आधी हात ठेवला. चांगली गरम होती. मग मी चुलीवर चहा ठेवला.