वाढदिवसाचं उटणं

आमची लेक थेट बाबावर गेली आहे. गोरीपान, घारे डोळे. मी सावळी. ऑस्ट्रेलियात, टूवूंबा गावी राहायला आल्यावर याचा परिणाम असा झाला, की शाळेच्या दारात एका आईने मला मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुझा नवरा इटलीत नेमका कुठला?" नवरा चिपळूणचा! मी हसत हसत घरी आले आणि लेकीला विचारलं.

"मी नाही सांगितलं, आई. त्यांना तसं वाटतं. इट्स ईझिअर," ती म्हणाली.

माझं हसू तिथेच थांबलं. फार लागलं मला ते. रंग उजळेल या आशेने माझी आई दर रविवारी मला हळद चोळायची. मी काही उजळले नाही. आणि आता पोटच्या पोरीलाही मी दाखवण्यासारखी वाटत नव्हते.

त्यातच लॉकडाऊन लागलं आणि लेकीचा तेरावा वाढदिवस आला. वाढदिवसाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. पण विमानंच बंद, त्यामुळे आजीकडून दरवर्षी येणारं उटणं आलंच नाही. मी हार मानणार होय! बेसन, साय आणि मिसळणाच्या डब्यातली हळद सढळ हाताने कालवली, लेकीला चोळली आणि उरलेली स्वतःच्या तोंडाला फासली.

धुतल्यावर माझ्या तोंडावर हळदीचा मागमूस नाही. लेक मात्र पिवळीधम्मक. साबण झाला, दूध झालं, लिंबू झालं, पिवळेपणा हलेना.

"आई! आत्ता सगळ्या मैत्रिणी कॉलवर येतील. आय लुक लाइक अ मँगो!"

"कॅमेरा बंद ठेव," मी म्हटलं आणि ओवाळणीचं तबक घेऊन दाराआड उभी राहिले. ती काय सांगते ते मला ऐकायचं होतं.

तिने कॅमेरा चालू केला. लॅपटॉपमधून एकच किंकाळी. "तू पिवळी का? कोव्हिड झाला का?"

मी तबक सावरत दाराआडून आणखी पुढे वाकले.

"टर्मरिक आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या आईने लावलं. वाढदिवसाला आम्ही लावतो. आम्ही मराठी आहोत, इंडियातले."

"म्हणजे तू इटालियन नाहीस?"

"नोप. आई, ये ना गं!"

मी गेले. निरांजन लावलं, ओवाळायला लागले, तर ही ओरडते, "केस जळतील माझे!" मैत्रिणी खिदळत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "पण त्या हळदीने खरंच काही होतं का?"

लेकीने माझी हनुवटी धरून माझा चेहरा कॅमेऱ्याजवळ ओढला.

"हिची स्किन बघ ना," ती ऐटीत म्हणाली.

माझ्या आईने इतक्या रविवारी चोळलेली हळद अखेर कुणाला तरी दिसली.