सांभाळून न घेणारा मोड

बायकोची केमो संपून वर्ष झालं, केस परत आले, पण बोटांच्या टोकांची बधिरता काही गेली नव्हती. कुर्त्याची बटणंसुद्धा मीच लावायचो. आणि अशा बाईला एके दिवशी काय सुचावं, तर ड्रोन उडवायचा! तोही डोळ्यांवर चष्मा लावून, ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत. "अगं, तुला साधी सुई धरता येत नाही," मी म्हटलं. "मला सुई ओवायचीच नाहीये," ती म्हणाली. संपला विषय.

मी पडलो इंजिनिअर. सगळे रिव्ह्यू पालथे घातले आणि गेमपॅडसारखा छोटा, दोन बारक्या काठ्या अंगठ्यांनी फिरवायचा कंट्रोलर आणला. इथे सिंगापुरात यिशुनला काही हौशी मंडळी रविवारी बॅडमिंटनचा हॉल घेऊन तळहाताएवढे ड्रोन उडवतात, तिथे क्लेमेंटीच्या घरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायला लागलो. पहिल्याच दिवशी फजिती. अंगठा काठीवर आहे की घसरलाय, हेच तिला कळेना.

शेवटी तिने तिथल्या एका चिनी गृहस्थांचा लांब काठ्यांचा मोठा कंट्रोलर मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि दोन्ही काठ्या चिमटीत धरल्या. रांगोळी धरतात तशा! सगळं काम मनगटाचं. आणि दर दिवाळीला फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये रांगोळी घालणाऱ्या त्या मनगटाला औषधांनी काही केलं नव्हतं. ड्रोन हॉलमध्ये टांगलेल्या रिंगमधून अलगद पार. मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

हा अँगल मोड होता. त्यात काठी सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो. पुढच्याच रविवारी बाईसाहेबांनी अ‍ॅक्रो मोड लावला. त्यात ड्रोन कलला की कललेलाच राहतो, सावरायचं आपणच. "आंटी, अँगल बेटर, लाह," ते गृहस्थ आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. मी तर भडकलोच. "कशाला नसते उद्योग? छान चाललंय ना?"

तिने चष्मा कपाळावर सरकवला. "वर्षभर तुम्ही सगळे मला सांभाळून घेताय. आता मला एक तरी गोष्ट अशी हवी, जी मला सांभाळून घेणार नाही."

कप्पाळ! मी खुर्ची ओढून बसलो.

ड्रोन उडाला, आपटला. मी धावत जाऊन आणून दिला. परत उडाला, परत आपटला. काय चिकाटी बाईची! मग मात्र तो पहिल्या रिंगमधून गेला, भिंतीपाशी आडवा होत वळला, दुसरीतूनही निघाला. बाकीचे आपापले ड्रोन खाली ठेवून बघायला लागले. छाती फुगली माझी. तेवढ्यात तो तिसऱ्या रिंगला धडकला आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडला.

मी उठलो.

"बस खाली," ती म्हणाली. चष्मा काढून हॉलच्या त्या टोकापर्यंत स्वतः चालत गेली. वाकली. ड्रोन तिच्या बोटांतून निसटला. परत निसटला. मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिलो. मग तिने तो दोन्ही तळव्यांत धरून उचलला, फिरवून पाहिला आणि तिथूनच ओरडली, "पाती शाबूत आहेत रे!"